फुप्फुसांचा हिशेब कोणाच्या खात्यावर?

मुलाची फुप्फुसे जन्मतः पूर्ण वाढलेली नसतात. त्यांची वाढ वयाच्या साधारण अठरा-वीस वर्षांपर्यंत चालते आणि मग थांबते. या काळात जी क्षमता कमावली जात नाही, तिची भरपाई पुढे कोणतेही औषध करू शकत नाही. शहरांतील दूषित हवेचा प्रश्न हा म्हणूनच केवळ खोकल्याचा नाही. तो एका पिढीच्या आयुष्यभराच्या श्वासाचा आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातील बारा ठिकाणच्या १,७५९ मुलांची वयाच्या दहाव्या वर्षापासून आठ वर्षे तपासणी करण्यात आली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता: सूक्ष्म धूलिकण सर्वाधिक असलेल्या ठिकाणी, क्षीण फुप्फुसे घेऊन प्रौढत्वात पाऊल टाकणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत स्वच्छ ठिकाणच्या जवळजवळ पाचपट होते. पुढे त्याच प्रदेशात धुरावर कडक निर्बंध आले आणि हवा सुधारली. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलांमधील हे प्रमाण १९९८ च्या ७.९ टक्क्यांवरून २०११ पर्यंत ३.६ टक्क्यांवर उतरले. म्हणजे ही हानी दैवाधीन नव्हे, धोरणाधीन आहे.

आपल्याकडे धोरण काय सांगते? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम सुचविली. भारताची २००९ ची मर्यादा ४० आहे. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटविल्यावर तेथील कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला धाडण्यात आले. तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, हे २०१९ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले.

अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी धुराचा सामाजिक खर्च १९२० सालीच दाखवून दिला होता. कारखानदाराच्या ताळेबंदात तो खर्च दिसत नाही, मोटारमालकाच्याही नाही. तो श्रमिकाच्या मुलाच्या छातीत जमा होतो. श्रीमंताचे घर बंद खिडक्यांआड हवा शुद्ध करणारे यंत्र विकत घेते. श्वासाचाही असा बाजार मांडला गेला, तर समतेच्या गोष्टी कोणत्या तोंडाने करावयाच्या?

किनारी मार्गावर हजारो कोटी खर्च होतात आणि बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या घटत जातात. हा अग्रक्रम उलटवावा लागेल: आधी स्वस्त, पुरेशी सार्वजनिक वाहतूक, प्रदूषकाकडून खर्चाची वसुली, आणि प्रत्येक पालिका शाळेत मुलांच्या फुप्फुसांची नियमित तपासणी. मुले मतदार नाहीत, म्हणून त्यांचा श्वास उद्यावर ढकलता येणार नाही. त्यांची वाढ उद्याची वाट पाहत नाही.