‘जास्त विचार करू नका’ हा सल्ला अपुरा आहे

“डॉक्टरसाहेब, झोपच नाई लागत. डोक्शात सारखं चक्र फिरते.” भातकुली तालुक्यातल्या खेड्यांतून येणारे अनेक रुग्ण ही तक्रार सांगतात. सोबत छातीत जळजळ, डोकं जड, भूक मेलेली. तपासण्या नॉर्मल येतात. मग आम्ही डॉक्टरही सांगून मोकळे होतो, “जास्त विचार करू नका.” पण विचार असे सांगून थांबत नाहीत.

पन्नाशीचे एक कापूस उत्पादक शेतकरी असेच आले होते. वडील जाऊन चार महिने झाले होते. “एक दिवस आधी अमरावतीले नेलं असतं तर?” हा हिशेब ते रोज रात्री मांडत. मी विचारलं, “भाऊ, वडील गेल्यावर तुम्ही रडलात का?” ते म्हणाले, “मीच रडलो तर घरच्यायनं कोणाकडे पाहावं?”

माझं मत असं, की अतिविचार हा पुष्कळदा भावना टाळण्याचा मार्ग असतो. जर-तरमध्ये मन गुंतलं की दुःखाला हात लावावा लागत नाही. गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो. मनाच्या रवंथाने काहीच पचत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी १९८९ च्या सॅन फ्रान्सिस्को भागातील भूकंपाच्या थोडे आधी काही विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची नोंद केली होती. दुःख घोळवत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात भूकंपानंतर सात आठवड्यांनीही नैराश्याची लक्षणं जास्त आढळली.

मग करायचं काय? विचार सुरू झाला की स्वतःला विचारा: आत्ता मला काय वाटतंय? दुःख, भीती, राग, की अपराधीपणा? त्या भावनेला नाव द्या. ती शरीरात कुठे जाणवते ते बघा: घशात, छातीत की पोटात? दहा मिनिटं तिच्यासोबत शांत बसा. रडू आलं तर येऊ द्या. जवळच्या एखाद्या माणसाला सांगा. मग उठून कामाला लागा. मात्र भावनेच्या भरात कुठलाही मोठा निर्णय घेऊ नका.

उदासी, निद्रानाश दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.

ते भाऊ त्या दिवशी माझ्यासमोर बराच वेळ रडले. लगेच झोप लागू लागली, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या खेपेला त्यांनी हिशेब मांडला नाही. वडिलांच्या आठवणी सांगितल्या. बरं होण्याची सुरुवात बहुधा अशीच होते.