परदेशी अभ्यासदौरा : भार एकट्या प्राध्यापकाच्या खांद्यावर

नवी दिल्ली : विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक छायाचित्र हमखास आढळते. वीस-पंचवीस विद्यार्थी, त्यांच्या मधोमध एक प्राध्यापक आणि पाठीमागे सिंगापूरच्या उत्तुंग इमारती किंवा पॅरिसचा आयफेल मनोरा. ‘ग्लोबल इमर्शन’, ‘इंटरनॅशनल स्टडी टूर’ अशा नावांनी ओळखले जाणारे हे आठ-पंधरा दिवसांचे दौरे व्यवस्थापन, विधी आणि वास्तुकलेच्या अभ्यासक्रमांत चांगलेच रुळले आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणावर भर दिल्यानंतर त्यांना अधिकृत प्रतिष्ठाही लाभली आहे. परक्या शहरात रात्री दोन वाजता एखाद्या विद्यार्थ्याला रुग्णालयात दाखल करावे लागले, तर निर्णय कोणी घ्यायचा, पैसे कोणी भरायचे आणि उद्या उत्तर कोणी द्यायचे, याची सोय मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही. बहुतेक वेळा ती कागदावरही नसते.

प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी जाण्याची प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड किर्कब्राइड जुलै १९२३ मध्ये आठ विद्यार्थ्यांना घेऊन बोटीने फ्रान्सला गेले. कल्पना त्यांचीच होती. परंतु ती राबविण्याची जबाबदारी विद्यापीठाचे अध्यक्ष वॉल्टर हलिहेन यांनी अंगावर घेतली आणि त्यासाठी बाहेरून निधी उभा केला. व्यक्तीचा उत्साह आणि संस्थेची जबाबदारी यांची सांगड पहिल्याच दौऱ्यात घातली गेली होती, ही बाब आज मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. करोनापूर्वीच्या २०१८-१९ या वर्षात अमेरिकेतील ३ लाख ४७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी परदेशात श्रेयांक मिळविले, आणि त्यांतील बहुसंख्यांचा मुक्काम आठ आठवडे किंवा त्याहून कमी काळाचा होता. प्राध्यापकांच्या नेतृत्वाखालील दौरे याच अल्पमुदतीच्या गटात मोडतात.

ही व्यवस्था सहजासहजी उभी राहिलेली नाही, तिच्यामागे अपघात आहेत. त्यांतील एक भारतातला आहे. २७ मार्च १९९६ रोजी ‘सेमिस्टर ॲट सी’ या जहाजावरील विद्यापीठाच्या उपक्रमातील विद्यार्थ्यांना दिल्लीहून आग्र्याकडे नेणारी बस रात्रीच्या प्रवासात उलटली आणि चार अमेरिकी विद्यार्थी प्राणास मुकले. पालकांनी त्यानंतर वर्षानुवर्षे लावून धरलेला प्रश्न साधा होता : रात्री त्या रस्त्याने जाण्याचा निर्णय कोणी घेतला, आणि तो घेताना कोणाला विचारले? रात्रीचा रस्तेप्रवास टाळावा हा नियम आज अनेक परदेशी विद्यापीठांच्या सुरक्षा नियमावलीत आढळतो. आपल्याकडील दौऱ्यांत मात्र हॉटेलचा एक मुक्काम वाचावा म्हणून रात्रीची बस निवडणे अजूनही चातुर्याचे समजले जाते.

कनेक्टिकट राज्यातील एका खासगी निवासी शाळेचा खटला याहून बोलका आहे. २००७च्या उन्हाळ्यात शाळेने आयोजित केलेल्या चीन दौऱ्यात एक पंधरा वर्षांची विद्यार्थिनी तियानजिनजवळच्या डोंगरावर गेली. तेथे गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराची लागण होऊन तिची वाचा कायमची गेली. गोचिडीपासून बचाव करण्याची सूचना शाळेने दिली नव्हती. हा आजार अत्यंत दुर्मीळ असल्याचा बचाव शाळेने केला. ज्युरीने २०१३ मध्ये ४ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई ठरविली. धोका दुर्मीळ असला तरी पूर्वसूचना देण्याचे संस्थेचे कर्तव्य संपत नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले, आणि पुढील वर्षी संघीय अपील न्यायालयाने भरपाई कायम ठेवली. डोंगरावर जाण्यापूर्वी मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि कीटकरोधक औषध वापरण्यास सांगणे, एवढ्यानेच हे टळू शकले असते.

भारतीय न्यायालयांची दिशाही फारशी वेगळी नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात थलौट येथे लारजी प्रकल्पाच्या धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. प्राध्यापक सोबत होते. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना २० लाख रुपये देण्याचा आदेश देताना दायित्वाची वाटणी केली : वीज मंडळ ६० टक्के, महाविद्यालय ३० टक्के, राज्य सरकार १० टक्के. पूर्वसूचना न देता पाणी सोडणारे वीज मंडळ मुख्य दोषी ठरले. पण मुलांना नदीपात्रात उतरू देणारी संस्थाही सुटली नाही. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. देशात, स्वतःच्या भाषेत आणि ओळखीच्या कायद्याच्या चौकटीत ही अवस्था असेल, तर सीमेपलीकडे काय होईल याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

नियम अगदीच नाहीत असे नव्हे. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने केलेल्या २०१५च्या विनियमांत ‘परिसर’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम विस्तारलेली असून तीत क्षेत्रभेटी, अभ्यासदौरे, सहली आणि प्रवासाची वाहने यांचा समावेश आहे. याचा सरळ अर्थ असा, की टोकियोतील हॉटेल किंवा व्हिएन्नातील वसतिगृह हा त्या आठवड्यापुरता विद्यापीठाचा परिसरच असतो आणि तेथील तक्रार अंतर्गत समितीच्या कक्षेत येते. प्रत्यक्षात दौऱ्यावर निघणाऱ्या किती विद्यार्थिनींना तक्रार कोणाकडे करावी हे सांगितले जाते? तक्रार सोबतच्या एकमेव प्राध्यापकाविरुद्धच असेल, तर काय? दोन शिक्षक आणि त्यांत एक महिला, ही अट अनेक संस्था खर्चाचे कारण सांगून गाळतात. वाचणारी रक्कम एका तिकिटाची असते.

आयोगाने मे २०२२ मध्ये परदेशी संस्थांच्या सहकार्याने द्यावयाच्या जुळ्या, संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी विनियम केले. पण ते पदवी अभ्यासक्रमांपुरते आहेत. दहा दिवसांच्या दौऱ्याची आखणी त्यांतून होत नाही. मग ती पोकळी टूर कंपनी भरून काढते. विमान, हॉटेल, व्हिसा, एका विद्यापीठात दोन तासांचे व्याख्यान, एका कारखान्याला भेट आणि उरलेला वेळ ‘नगरदर्शन’. ठरावीक संख्येमागे एक तिकीट मोफत देण्याची प्रवास व्यवसायातील रीत येथेही चालते आणि ते तिकीट बहुधा प्राध्यापकाच्या वाट्याला जाते. ज्याने कंपनीचे काम पारखायचे, तोच तिच्या उपकाराखाली येतो. दौऱ्याच्या सर्व शिक्षकांचा खर्च विद्यापीठाने उचलावा, ही मागणी म्हणूनच चैनीची नव्हे.

पूर्वतयारीच्या अभावाची किंमत रोकडही असते. युरोपातील शेंगेन देशांचा व्हिसा घ्यायचा तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, निर्णयाला साधारणपणे पंधरा दिवस लागतात आणि हा काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा हवा. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. मात्र अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना ते माफ करण्याची तरतूद शेंगेन व्हिसा संहितेतच आहे. सहलीच्या नावाने अर्ज केलेल्या गटाला ती लागू होत नाही. पंचवीस जणांच्या गटासाठी हा फरक दोन हजार युरोंहून अधिक, आणि तो केवळ अर्जात प्रयोजन काय लिहिले व यजमान विद्यापीठाचे पत्र वेळेत मिळाले की नाही यावर ठरतो. त्यासाठी पत्रव्यवहार आठ-दहा महिने आधी सुरू व्हावा लागतो. आपल्याकडे मंजुरीची फाईलच दौऱ्याच्या दोन महिने आधी हलते.

बारीकसारीक गोष्टींनी दौरा अडतो तो वेगळाच. दिवाळीच्या सुटीत दुबईला निघालेल्या विद्यार्थ्याच्या डब्यात आईने दिलेले अनारसे असतात आणि अनारशांवर खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस प्रतिबंधित आहे. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाला तेथे पूर्वपरवानगी लागते, तर सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर असल्यास जपानमध्ये नेता येत नाही. ही यादी टूर कंपनी देईलच असे नाही. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येतात, कोण मानसोपचाराची औषधे घेतो, हे प्राध्यापकाला आधी ठाऊक असायला हवे, आणि ते सांगितल्यामुळे दौऱ्यातून नाव कटणार नाही याची खात्री विद्यार्थ्याला असायला हवी. ही खात्री नसली की विद्यार्थी आजार लपवितो. विमा कंपन्या आधीपासूनचे आजार पुष्कळदा वगळतात, हे मग रुग्णालयाच्या काउंटरवर कळते.

१४ जुलै २०१६ च्या रात्री फ्रान्समधील नीस येथे गर्दीत ट्रक घुसविण्यात आला, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातील विद्यार्थ्यांचा गट उन्हाळी कार्यक्रमासाठी त्या शहरात होता. एक विद्यार्थी मृत्युमुखी पडला, काही जखमी झाले. अशा रात्री पहिले काम असते मोजणी : कोण कोठे आहे, कोणाचा फोन लागतो, कोणाचा लागत नाही. दूतावासाचा क्रमांक आणि पालकांशी बोलणारी एक ठरलेली व्यक्ती मायदेशी जागी असावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर परदेशस्थ विद्यार्थ्यांच्या नोंदणीची सोय आहे. दहा दिवसांसाठी जाणारा गट स्वतःला पर्यटकच समजतो आणि नोंदणीच्या वाटेला जात नाही.

अमेरिकी विद्यापीठांचे विद्यार्थी मराठी शिकण्यासाठी पुण्याला येतात, तेव्हा अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजसारखी संस्था त्यांची व्यवस्था पाहते. तिची माणसे त्याच शहरात राहतात. कोणत्या डॉक्टरकडे जायचे, कोणते घर विश्वासाचे, हे त्यांना पाठ असते. भारतीय गटामागे परदेशात असे कोणी नसते. तेथे स्थायिक झालेले माजी विद्यार्थी किंवा एखादे मराठी मंडळ मदतीला धावते खरे, पण तो सद्भाव आहे, व्यवस्था नव्हे.

आता अभ्यासाकडे. आयोगाच्या श्रेयांक आराखड्यानुसार प्रात्यक्षिक स्वरूपाच्या एका श्रेयांकासाठी तीस तासांचे काम अपेक्षित आहे. दहा दिवसांच्या दौऱ्याला दोन श्रेयांक द्यायचे, तर रोज सहा तास, तेही प्रवास आणि खरेदी वगळून. निघण्यापूर्वीची वाचनसत्रे आणि परतल्यानंतरचा अहवाल धरल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही. जे प्राध्यापक तो प्रामाणिकपणे जुळवितात, त्यांचे काम कार्यभारात मोजले जात नाही. सुटी मात्र त्यांचीच जाते. बाकीचे हजेरीपट भरून मोकळे होतात.

आणि जाते कोण? दौऱ्याचा खर्च विद्यार्थ्यानेच द्यायचा, ही सर्वत्र रूढ पद्धत. वर्गातील निम्मी मुले जातात, निम्मी राहतात. श्रेयांक अनिवार्य असला तर राहिलेल्यांसाठी एखादा ‘पर्यायी प्रकल्प’ काढला जातो, ज्याची प्रत सगळ्यांना माहीत असते. तमिळनाडू सरकारने ‘नान मुदलवन’ योजनेतून २०२४ मध्ये २५ विद्यार्थ्यांना ब्रिटनच्या डरहॅम विद्यापीठात सरकारी खर्चाने पाठविले. संख्या लहान आहे, पण निवड पालकांच्या ऐपतीवर झाली नाही. राज्य विद्यापीठांच्या विद्यार्थी कल्याण निधीतून दर दौऱ्यात चार-पाच जागा राखून ठेवण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. अर्थसंकल्पात तसा शीर्ष उघडावा लागेल, एवढेच.

त्याआधी विद्यापीठाला एका छोट्या प्रश्नाचे लेखी उत्तर तयार ठेवावे लागेल. पंचविसांपैकी एका विद्यार्थ्याचा व्हिसा प्रस्थानाच्या तीन दिवस आधी नाकारला गेला, तर त्याचे पैसे परत मिळणार का, त्याचे श्रेयांक कोठून येणार, आणि हे त्याला सांगणार कोण? सध्या ते काम विमानतळाकडे निघालेल्या प्राध्यापकाच्या फोनवर येऊन पडते.