आपला तो बाब्या

मंडळी, इंजिनियरिंगच्या ड्रॉईंगवर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणाऱ्याची सही एका रकान्यात, तपासणाऱ्याची दुसऱ्या. काढणारा लबाड असतो म्हणून नव्हे. आपली चूक आपल्याच डोळ्यांना चटकन दिसत नाही, म्हणून.

आम्हाला नेहमी प्रश्न पडतो, की एका नट-बोल्टाला जो नियम, तो लाखो डॉलर्सच्या निर्णयाला का नसावा? मॅनेजरच्या डोक्यातून एखादी योजना निघते. गिऱ्हाइकांना ती हवी की नको, याची पाहणीही तोच करतो. प्रश्न त्याचे, कुणाला विचारायचं ते तोच ठरवणार, उत्तरांचा अर्थही तोच लावणार. आणि योजना मंजूर झाली की बढती अन् बोनसही त्यालाच! मग बाब्यात खोट निघणार कशी?

यासाठी खोटे आकडे लिहावे लागत नाहीत. कोका-कोलाचंच पाहा. 1985 च्या एप्रिलमध्ये कंपनीने जुनी चव बदलली. त्याआधी सुमारे 2 लाख लोकांना नवी चव चाखवून झाली होती. गटचर्चांमध्ये थोडे लोक चिडले होते, पण वरिष्ठांनी भर दिला तो पाहणीतल्या अनुकूल आकड्यांवर. जुन्या पेयावर लोकांचा किती जीव आहे, हे त्या चाचण्यांत मोजलं गेलंच नाही. तक्रारींच्या फोनचा पाऊस पडला आणि 79 दिवसांत जुनं कोक परत आलं. कंपनी मोठी होती, निभावून गेली.

माणसांचं तसं नसतं. दरवर्षी ऑफिसात 'तुम्ही समाधानी आहात का?' अशी पाहणी होते. सात-आठ जणांचा विभाग, आणि फॉर्म गोळा करणार खुद्द साहेब! त्यात आपल्यापैकी कुणी एच-वन व्हिसावर असेल, तर नोकरी सुटल्यावर हाताशी फार तर 60 दिवस. घर, मुलांची शाळा, सगळं त्यावर टांगलेलं. तो बिचारा 'उत्तम' हेच लिहिणार. आणि साहेब वर कळवणार, की आमच्याकडे सगळे खूष आहेत! दोघंही खोटारडे नाहीत, पण कागद मात्र खोटा.

उपाय महाग नाहीत. विचारणारा असा असावा, की उत्तर काहीही आलं तरी त्याचा नफा-तोटा नाही. कोणतं उत्तर आलं तर योजना सोडायची, हे आधीच लिहून ठेवावं. आणि जे सोडून गेले, त्यांना आवर्जून विचारावं.

हे आपल्या मंडळांनाही लागू आहे बरं का! दिवाळीच्या कार्यक्रमानंतर दारातच कार्यकारिणीची मंडळी फॉर्म घेऊन उभी राहिली, तर 'जेवण गार होतं' असं कोण लिहील? त्यापेक्षा ज्यांनी यंदा वर्गणी भरली नाही, अशा दहा घरी समितीबाहेरच्या एखाद्या काकूंनी फोन करावा. चार कडू शब्द ऐकायला मिळतील, पण पुढच्या वर्षी खुर्च्या रिकाम्या राहणार नाहीत.

जाता जाता, या सदराविषयी काही म्हणायचं असेल तर ते आम्हाला नको, थेट संपादकांना कळवा!