कष्टाने मिळविलेली विश्रांती

मध्यरात्र उलटली तरी सुरतच्या नवागाम भागातील खोल्यांच्या खिडक्यांतून निळसर उजेड दिसत राहतो. तो दिव्याचा नव्हे, उशाशी धरलेल्या मोबाइलचा असतो. खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आहेत. घरचा कर्ता यंत्रमागावर बारा तासांची पाळी करतो. त्याची झोप मागाने घेतली. मुलांची झोप आता हा तळहाताएवढा पडदा घेत आहे, आणि तीही सक्तीवाचून!

विश्रांती ही कोणी कामगारांच्या ओटीत घातलेली भीक नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली साप्ताहिक सुट्टी मागितली आणि सूर्यास्तानंतर काम नको, असेही ठणकावले. रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० साल उजाडले. ज्या रात्रीसाठी पूर्वजांनी मालकांशी झुंज दिली, ती आपण फुकट उधळावी काय?

अंधार पडला की मेंदूतील पीनियल ग्रंथी मेलाटोनिन नावाचा स्राव सोडते आणि शरीर निद्रेची तयारी करते. पडद्याचा निळा प्रकाश या स्रावास अटकाव करतो. शरीरातील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पौगंडावस्थेतील मुलांस आठ ते दहा तास झोप हवी. ती सातत्याने तुटली तर अभ्यासातील लक्ष उडते. पुढे स्थूलता, मधुमेह व रक्तदाब यांचा धोका वाढतो. पेंगुळल्या डोळ्यांनी मागावर उभे राहणाऱ्याची तर बोटेच पणाला लागतात.

तथापि केवळ उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. बारा तास राबलेल्या माणसाला गावाकडच्या आईचा चेहरा याच यंत्रात दिसतो. एका खोलीच्या संसारात त्याला दुसरा विरंगुळा तरी कोणता? म्हणून पाळीचे तास कमी करण्याची जबाबदारी कारखानदारांना टाळता येणार नाही.

परंतु तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. एकट्याच्या निग्रहाला न पेलणारी गोष्ट अवघ्या गावाने मिळून केली, हे त्यातील मर्म होय. नवागामच्या गणेशोत्सव मंडळांनी आणि महिला मंडळांनी असाच एक संकल्प सोडावा: रात्री दहानंतर मोबाइल उशाशी नव्हे, उंबऱ्यापाशी. आरंभ मात्र वडीलधाऱ्यांनी करावा. ज्यांचा स्वतःचा हात पडद्यावरून हटत नाही, त्यांचे मुले काय म्हणून ऐकतील?