भेट की गृहपाठ?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात एक प्रश्न दरवर्षी माझ्याकडे येतो. वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतले सहकारी विचारतात, "सर, तुम्ही मराठीचे. सुट्टीत मुलांना द्यायला चांगली पुस्तकं सांगा ना." प्रश्न साधा आहे, परंतु कबूल केले पाहिजे, की कितीतरी वर्षे त्याचे धड उत्तर मला देता येत नसे. 'श्यामची आई', कविता हवी असेल तर विंदा, आणि त्यापुढे अडखळणे. एम.ए.ची दोन वर्षे आणि नंतरचे अध्यापन ह्या काळात मी ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरीय असे सारे प्रवाह वाचले आणि शिकवले. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात कोणते मराठी पुस्तक ठेवावे, हे मात्र मला कोणत्याही परीक्षेत कोणी विचारले नाही आणि मीही ते स्वतःला विचारले नाही.

हे अज्ञान माझ्या एकट्याचे नाही. आपल्या वाङ्मयव्यवहारात बालसाहित्याला जी जागा आहे, तिचेच ते फलित आहे. साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून दिले जातात. अकादमीचा स्वतंत्र बालसाहित्य पुरस्कार सुरू व्हायला २०१० साल उजाडावे लागले. आपण विंदा करंदीकरांचे 'मृद्गंध' आणि 'धृपद' तासन्‌तास शिकवतो आणि 'राणीची बाग' लिहिणारे विंदा एका वाक्यात उरकतो. जणू ते कवीचे फावल्या वेळचे काम होते. ज्याला आपण समीक्षेचा विषय मानत नाही, त्याची निवड करण्याची वेळ आली की आपल्याजवळ निकष नसतात. मग आपण सर्वांत सोपा निकष उचलतो: मुलाला ह्यातून काय शिकायला मिळेल?

ह्या निकषाचा प्रताप मी माझ्याच घरात पाहिला. तीन वर्षांपूर्वी मुलगी चौथीत होती. पाडव्याला तिने मला ओवाळले आणि मी ओवाळणीत तिला पुस्तकांचे एक खोके दिले. अकरा पुस्तके, आणि सोबत एक कोरी वही. प्रत्येक पुस्तक वाचून झाले की त्याबद्दल पाच ओळी लिहायच्या, अशी माझी प्रेमळ अट होती. सुट्टी संपताना वही भरलेली पाहून मी सुखावलो. वाचू लागल्यावर भाषा ओळखीची वाटली. 'मुलांच्या भावविश्वाचा हळुवार वेध घेणारी' अशी वाक्ये नऊ वर्षांची मुलगी लिहीत नसते. तिने अकराही पुस्तकांच्या मलपृष्ठांवरचा मजकूर सुवाच्य अक्षरांत उतरवून काढला होता.

मला राग यायला हवा होता. आली ती शरम. कारण त्याच महिन्यात मी पदव्युत्तर वर्गाच्या निबंधांवर लाल शाईने 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असे शेरे मारत बसलो होतो. माझे विद्यार्थी मार्गदर्शकांतून उतरवतात, माझ्या मुलीने मलपृष्ठावरून उतरवले. दोघांचाही समज एकच: पुस्तक हे कोणाला तरी उत्तर देण्यासाठी असते. हा समज त्यांना जन्मतः मिळालेला नाही. आम्ही तो दिलेला आहे, आणि माझ्या बाबतीत तर सणाच्या दिवशी, भेट म्हणून.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच: सुट्टीत मुलांना दिल्या जाणाऱ्या आपल्या बहुतेक भेटी ह्या भेटी नसून वेष्टनात गुंडाळलेले गृहपाठ असतात. खेळण्याच्या खोक्यावर 'बुद्धीला चालना देणारे' असे छापलेले असते. पुस्तक 'संस्कारक्षम' हवे असते. शाळा दिवाळीचा अभ्यास देतेच; उरलेल्या दिवसांत हस्ताक्षराचे, वैदिक गणिताचे, व्यक्तिमत्त्व-विकासाचे शिबिर असते. बालनाट्याला नेले, तरी परतीच्या वाटेवर आपण विचारतो, "मग, काय शिकलास?" रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आले, तेव्हा त्या चेटकिणीला घाबरण्यासाठी आणि मनसोक्त हसण्यासाठी मुलांनी नाट्यगृहे भरवली. त्या चेटकिणीकडून शिकण्यासारखे काय आहे? काही नाही. म्हणूनच ती मुलांना हवी असते.

अर्थात ह्या वृत्तीला परंपरा आहे. छापील मराठी बालवाङ्मयाचा आरंभच शालोपयोगी पुस्तकांतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी इसापाच्या नीतिकथा आणि 'बाळमित्र' मराठीत आणले. त्यांमागची तळमळ खरी होती आणि त्या काळाची गरजही. परंतु मुलांच्या पुस्तकाने काहीतरी शिकवलेच पाहिजे, हा करार तेव्हापासून आपल्या मनात असा काही रुजला आहे, की ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'ने किंवा भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'ने तो कितीही वेळा मोडला, तरी पालक म्हणून आपण त्यावर पुन्हा सही करतो. फुरसुंगीचा बनेश फेणे आधी सायकलवर टांग मारतो. तो धाडसी आणि प्रामाणिक आहे, हे वाचकाला नंतर, धापा टाकताना कळते.

मग भेट कशाला म्हणावे? उत्तर शोधायला दूर जायला नको. दिवाळीचा किल्ला पाहावा. माती कुठून तरी आणायची, दगड-विटांवर गोणपाट अंथरायचे, चिखल थापायचा, बुरूज ढासळला की पुन्हा लावायचा. हळीव किंवा मोहरी पेरून ती उगवायची वाट पाहायची. मग सिंहासनावर महाराज, दारात मावळे, पायथ्याशी विहीर, बाजार, आणि त्या बाजाराशेजारी एखादी प्लास्टिकची मोटार. हा कालविपर्यास मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या निमूट स्वीकारला आहे. ह्या उद्योगात मोठी माणसे हमाल असतात. ती घमेले उचलतात, पाणी आणतात. किल्लेदार मूल असते. इतिहास त्यातून कळला तर कळला. हल्ली बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. सदनिकेत माती आणणार कुठून, ही अडचण खरी आहे आणि मी तो घेणाऱ्यांना नावे ठेवणार नाही. परंतु किल्ला विकत घेतला की वस्तू मिळते आणि चार दिवस हातचे जातात. त्यापेक्षा सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात दहा घरांचा मिळून एक वेडावाकडा किल्ला झालेला बरा.

पुस्तकाचेही असेच आहे. ते मुलाच्या हाती सोपवून आपण आपल्या कामाला निघून गेलो, तर ती वस्तू होते. शेजारी बसून वाचले, तर त्याची भेट होते. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी माधुरी पुरंदरे ह्यांचे 'राधाचं घर' आणावे. घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देणारी ती छोटी पुस्तके आहेत. चित्रे त्यांचीच, आणि त्या चित्रांत शब्दांनी न सांगितलेले इतके काही असते की मूल पान उलटू देत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाला विंदांच्या बालकविता मोठ्याने वाचून दाखवाव्यात; त्या डोळ्यांपेक्षा कानांसाठी अधिक आहेत. दहाव्या-अकराव्या वर्षी 'फास्टर फेणे'ची पहिली दहा पाने आपण वाचावीत आणि ऐन रंगात आल्यावर "मला जरा काम आहे" म्हणून उठावे. पुढचे मूल पाहून घेते. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, अल्प किमतीत मिळते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. आपण स्वतः लहानपणी वाचलेला एखादा अंक शोधून तो मुलाबरोबर चाळावा. त्यात आपले बालपणही त्याला दिसते आणि त्याविषयी मुलांना फार कुतूहल असते.

"आमची मुले इंग्रजी माध्यमात, त्यांना मराठी वाचताच येत नाही," असा आक्षेप येथे येतो. वस्तुतः तो मोठ्याने वाचून दाखवण्याच्या बाजूचाच मुद्दा आहे. अक्षर अडत असेल, कान अडत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण सर्वांनी साजरा केला. पण भाषेचे भवितव्य शेवटी रात्री नऊ वाजता कोणी कोणाला काय वाचून दाखवते, ह्यावरही ठरत असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुस्तके, नाटके, सुट्टी ह्या गोष्टी किती घरांत आहेत? दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो आणि कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह कारखान्यांच्या वाटेला लागतात. अशाच घरातून आलेला माझा एक विद्यार्थी एकदा म्हणाला होता, "सर, आमच्या घरी पुस्तक म्हणजे शाळेचं पुस्तक. जूनमध्ये ते मिळालं की गुरुजींनी शिकवायच्या आत मराठीचे सगळे धडे वाचून काढायचो." हे ऐकून मी थबकलो, कारण हे मीही केलेले होते, आणि वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांनीही केलेले असेल. एकाच पुस्तकातला तोच धडा जूनमध्ये आनंद देत होता आणि ऑक्टोबरात ओझे होत होता. मधल्या काळात धड्याखाली छापलेले प्रश्न सोडवायची वेळ आली होती, एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी आम्ही घरात एक दिवाळी अंक काढला. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, त्या परंपरेतला हा बहुधा सर्वांत छोटा अंक असावा: हस्तलिखित, वीस पाने, प्रत एक. मुलगी संपादक. आजीने अनारशांची कृती सांगितली; तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, हे सांगता सांगता ती आपल्या सासूच्या आठवणींवर गेली, आणि संपादकांनी ती पाने वाढवून दिली. माझा लेख मात्र दोनदा परत आला. शेरा होता: "बाबा, हे कळत नाही." तिसरा खर्डा स्वीकारला गेला. इतक्या वर्षांच्या लेखनात मला मिळालेला तो सर्वांत उपयुक्त शेरा होय. भाऊबीजेला माझी बहीण आली, तेव्हा मुलीने तो अंक आपल्या आत्याला दिला. आत्याने तो तिथेच बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. देणारी मूल असली, की भेट काय असते हे अधिक लख्ख कळते.

आता शिक्षक-कक्षातल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे. मी पुस्तकांची यादी देतो, आणि सोबत दोन गोष्टी सांगतो. खोके नको, एक पुस्तक आणा आणि त्याची सुरुवात तुम्ही वाचून दाखवा. वाचून झाल्यावर काहीही विचारू नका. मूल आपणहून बोलले तर ऐका.

आपल्या व्यवसायबंधूंकडे माझी ह्याहून थोडी मोठी मागणी आहे. पदवीच्या किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमात मुलांसाठी लिहिलेले एक तरी पुस्तक पूर्ण नेमावे. विद्यार्थ्याने ते आपल्या भावंडाला, शेजारच्या मुलाला वाचून दाखवावे आणि ऐकणारे कुठे हसले, कुठे कंटाळले, कुठे उठून गेले ते नोंदवावे. हे लेखन कोणत्याही मार्गदर्शकात सापडणार नाही, आणि मलपृष्ठावर तर नाहीच.

ते अकरा पुस्तकांचे खोके अजून घरात आहे. अलीकडे त्यातली काही पुस्तके जागेवर नसतात. कधी उशाशी, कधी दप्तरात दिसतात. मुलगी आता सातवीत आहे. कोणती वाचली, हे मी विचारलेले नाही.