वाळींत टाकण्याचे नवे शब्द

परवां रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमचा नातू ओटीवर येऊन म्हणाला, "आजोबा, ते सर कॅन्सल झाले!" मीं म्हटलें, "अरे, आगगाडी रद्द होते, तिकीट रद्द होतें. माणूस कसा रद्द होईल?" तेव्हां त्यानें मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ दाखविला. कोणी एक शिक्षक एका मुलावर ओरडत होते. आधीं काय घडलें, नंतर काय घडलें, तें त्यांत नव्हतें. तरी पाहणारांनीं निकाल देऊन टाकला होता.

'लोकापवाद' हा शब्द आपल्याकडे जुनाच. नव्या शब्दांचा इतिहासहि ऐकण्याजोगा आहे. १७ जून १९७२ रोजीं वॉशिंग्टन येथील 'वॉटरगेट' नांवाच्या इमारतींत, प्रतिपक्षाच्या कचेरींत शिरलेले पांच इसम पकडले गेले. चौकशी दोन वर्षें चालली आणि ऑगस्ट १९७४ मध्यें अध्यक्ष निक्सन ह्यांस पदत्याग करावा लागला. तेव्हांपासून 'गेट' हा त्या नांवाचा तुकडा प्रत्ययासारखा वाटेल त्या भानगडीस चिकटूं लागला. आपल्याकडे २०१२ सालीं कोळसा खाणींच्या वाटपाच्या प्रकरणास 'कोलगेट' म्हणत. तें ऐकून दांत घासण्याची आठवण कोणास झाली नसेल!

पुढें २०१६ मध्यें ऑस्ट्रेलियांतील एका विनोदी चित्रकारानें एक बदक कल्पिलें. तें मिल्कशेक पितें, म्हणून साऱ्या जगाचें लाडकें होतें; आणि पांच सेकंदांत कळतें कीं तें वर्णद्वेष्टें आहे! एका दिवसांत डोक्यावर घेतलेला माणूस दुसऱ्या क्षणीं पायदळीं गेला कीं त्यास 'मिल्कशेक डक' म्हणतात. तेथील मॅक्वारी कोशानें २०१७ चा शब्द म्हणून ह्याची निवड केली, आणि २०१९ चा शब्द म्हणून 'कॅन्सल कल्चर'ची.

दोन वर्षें कोठें आणि पांच सेकंद कोठें!

मला आपल्याच घरचें एक प्रकरण आठवतें. ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या मंडळींस चहा देण्यांत आला. न्यायमूर्ति रानडे व टिळक हेहि त्यांत होते. 'पुणेंवैभव' पत्रांत नांवें छापून आलीं, ग्रामण्य माजलें, आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलें. अखेर १८९२ मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें.

ती रीत चांगली होती असें मी म्हणत नाहीं. बहिष्कारानें कित्येक संसार पोळले आहेत, आणि २०१७ पासून महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्कार हा कायद्यानें गुन्हा आहे. सत्ताधीशांचीं पापें चव्हाट्यावर येणें हें तर लोकहिताचेंच. परंतु त्या कठोर ग्रामण्यांतहि चौकशी होती व प्रायश्चित्ताचा मार्ग मोकळा होता. नव्या बोलींत 'गेट' पुष्कळ. पण माणसानें परत आंत यावें असें दार एकहि नाहीं.

आमच्या सूनबाईंनीं मुलास एवढेंच विचारलें, "तूं हें पुढें किती जणांस धाडलेंस?" तो मान खालीं घालून म्हणाला, "चौघांना." "मग त्या चौघांना कळव कीं तुला पुरती हकीकत ठाऊक नाहीं." त्यानें तसें कळविलें. एकानें त्याची थट्टा केली. तिघांनीं उत्तरच दिलें नाहीं. तरी झोपतांना तो मला म्हणाला, "आजोबा, उद्यां त्या सरांचें म्हणणें कोठें मिळतें का पाहूं."