संयमाचा धडा नेमका कुणाला?

फेब्रुवारी आला की शाळाशाळांतून शिवजयंतीची भाषणे सुरू होतात. तोंडवली-वायंगणी भागात किशोरी मुलींच्या गटांचे काम करताना गेली काही वर्षे मी ती ऐकते आहे. मुले तावातावाने बोलतात, पालक टाळ्या वाजवतात. गोष्टी मात्र दोनच. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला महाराजांनी मानाने परत पाठवले ही एक, आणि रांझ्याच्या पाटलाचे हातपाय तोडले ही दुसरी. नेत्याचा संयम हा विषय असला की पहिली, स्त्रियांचा सन्मान हा विषय असला की दुसरी. एवढ्या भांडवलावर आपण मुलांना राजकीय नेतृत्वाचे धडे देतो. हे धडे चुकीचे आहेत, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे.

कुणी अंगावर येण्यापूर्वी सांगते, वाद महाराजांशी नाही. त्यांच्यातून आपण काय उचलतो त्याच्याशी आहे.

सुभेदाराच्या सुनेच्या गोष्टीला समकालीन कागदांत आधार मिळत नाही, ती पुढच्या काळात रंगत गेली. मात्र मराठी फौजेने मुलुखगिरीत बायकापोरांना धरू नये हा नियम सभासदाच्या बखरीत आहे. शत्रुपक्षाचा खाफीखानही स्त्रियांना त्रास न देण्याच्या सक्त हुकमाची नोंद करतो. म्हणजे नियम होता. पण नियमाला टाळ्या पडत नाहीत. टाळ्यांसाठी एक सुंदर स्त्री लागते, तिला भेट म्हणून आणणारा सरदार लागतो. साऱ्या गोष्टीत ती स्त्री एक शब्द बोलत नाही. तिला आणले, पाहिले, परत पाठवले. सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने'मध्ये हाच प्रसंग आणि चिमाजी अप्पांचा वसईचा प्रसंग घेऊन नेमके उलटे सांगितले, की परत पाठवणे हीच चूक झाली! दोन्हीकडे बाई ही हिशेबातली वस्तूच. संयम हा नेत्याच्या मनाचा मोठेपणा म्हणून शिकवला की असेच होणार. तो त्याच्या मर्जीवर राहतो, आणि मर्जी कधीही फिरते.

रांझ्याचे प्रकरण मात्र कागदावर आहे. १६४६ सालचे पत्र आहे. त्यात पाटलाला हुजूर आणवले, चौकशी केली, बदअमल खरा ठरला, आणि मग शिक्षा दिली असा क्रम आहे. भाषणात चौकशी गळते, हातपाय तेवढे उरतात. शिक्षा सतराव्या शतकातली होती. आपण मुलांना तिच्यातली न्यायाची रीत न शिकवता कुऱ्हाड शिकवतो. याचे फळ २०२४ साली दिसले. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले. सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. खटला उभाच राहिला नाही. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले, त्यावर गृहमंत्र्यांचे पिस्तूलधारी चित्र! जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांवर ठपका ठेवला, तोवर फलक लावणारे दुसऱ्या कामाला लागले होते.

मैत्रिणींनो, आपल्यापैकीही काहीजणींनी तेव्हा मनातून टाळ्या वाजवल्या. आपली चळवळ मथुरा प्रकरणातून उभी राहिली हे आपण विसरलो का? १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला, सर्वोच्च न्यायालयातून ते सुटले. १९८० साली आपण रस्त्यावर आलो, १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बेलगाम सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायकांनी आज त्याच सत्तेच्या बंदुकीला ओवाळायचे?

मग शिकवायचे काय? माझ्या मते चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अंमलदारांना गेलेले, १६७३ च्या सुमाराचे पत्र. त्यात ना सुंदर स्त्री, ना तलवार. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण जपून वापरा. ती उधळलीत तर तुमची माणसे कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. मग रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. हवे ते बाजारातून विकत घ्या. हत्यार हातात असलेल्याला परड्यातल्या भाजीलाही हात लावायची बंदी, हा खरा संयम. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही आहे की आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेचे आंबे-फणस जबरदस्तीने तोडू नयेत. लोकांनी ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडावे.

मी हे गटात वाचले तेव्हा मुली आधी कंटाळल्या होत्या. आंबे-फणस आले तसे कान टवकारले. तोंडवली-वायंगणीच्या जमिनी सी-वर्ल्डसाठी मागितल्या गेल्या, गावाने विरोध केला, हे त्यांनी घरात ऐकलेले. एकीने विचारले, "बाई, मगे सी-वर्ल्डवाल्यांका ह्यां पत्र कोणी दाखवक नाय?" माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत इतका नेमका प्रश्न कुणी विचारल्याचे आठवत नाही.

मालवणात पुतळ्याचे काय झाले ते जगाने पाहिले. राजकोटला ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ रोजी पुतळा जमीनदोस्त. दोनच दिवसांनी तिथेच ठाकरे आणि राणे यांचे समर्थक एकमेकांना भिडले, दगडफेक झाली. हा नाथ पै आणि मधु दंडवते यांनी लोकसभेत ज्याचे प्रतिनिधित्व केले तो मुलूख. मुलांनी ते मोबाईलवर पाहिले, वर्गात त्यावर चकार शब्द नाही. का, तर शाळेत राजकारण नको! शाळेत राजकारण असतेच. मुलगी मोठ्याने बोलली की तिला संयम शिकवतात, मुलग्याने टेबल आपटले की त्याच्यात नेतृत्वगुण दिसतात. घरीही तेच. नवरा ओरडतो, संयम बायकोने ठेवायचा. ज्यांच्या हातात काही नाही त्यांनाच संयमाचे पाठ देणारा हा शब्द मला मुलींसमोर उच्चारायला नको वाटतो. मी 'लगाम' म्हणते. लगाम घोड्याला असतो, आणि दोरी दुसऱ्याच्या हातात असते.

ती दोरी हातात घ्यायची सवय शाळेतच लागायला हवी. नववी-दहावीच्या वर्गात चिपळूणचे पत्र वाचा आणि विचारा, आज आपल्या गावात 'भाजीला हात लावणारे' कोण? नंतर मुलांना ग्रामसभेला न्या. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी सरपंचबाईंच्या खुर्चीमागून त्यांचे यजमान बोलतात. ते मुलांना पाहू दे, टिपून घेऊ दे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. ती खरोखर भरली की वहीत सह्या घरोघर फिरून घेतल्या, एवढे विचारायला दहावीच्या दोन मुली पुरेत. येत्या १ मेच्या ग्रामसभेला आमच्या गटाच्या मुली वही मागणार आहेत.